तारेपाशी आलेला माणूस

एका कैद्याच्या घोट्यावरची जुनी पट्टी मी सोडवत होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागे कुणीतरी तंबूचा पडदा ओढून घेतला आणि आतून दोरीने बांधला. मला वाटलं, वारा आत येतो म्हणून असेल. वर पाहिलं तर माझ्याभोवती सातआठ जण उभे होते आणि त्यांतल्या दोघांच्या हातांत तंबूच्या खांबाला टोक काढून केलेले भाले होते.

"तू बस," त्यांचा म्होरक्या कांग मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "पट्टी पूर्ण कर. मग बस. बाहेर जायचं नाही."

मी पट्टी पूर्ण केली. गाठ नीट बसली, हे मला आजही आठवतं.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. कोरियातली लढाई थांबली होती, पण मिटली नव्हती. दोन्ही बाजूंनी धरलेले हजारो कैदी असे होते की त्यांना आपापल्या मुलखात परत जायचं नव्हतं. कुणी खरंच जायचं नाही म्हणत होता आणि कुणाकडून ते धाकाने वदवून घेतलं जात होतं, हे ठरवायचं कुणी? एका बाजूचा दुसऱ्या बाजूवर काडीचा विश्वास नव्हता. मग पाच तटस्थ देशांची मंडळी बसवली आणि कैद्यांची राखण आपल्या फौजेवर सोपवली. दक्षिणेकडच्या सरकारने तर जाहीरच केलं होतं की हिंदी शिपायाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये. म्हणून आम्हाला बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन फौजांमधल्या मोकळ्या पट्टीत नेऊन उतरवलं. खेड तालुक्यातला मी, बाबाजी तांबे, जन्मात पहिल्यांदा हवेत उडालो तो असा.

छावणीच्या इस्पितळात मी नर्सिंग शिपाई होतो. कैद्यांचे वाडे काटेरी तारांनी वेगळे केलेले. आत जाताना बंदूक न्यायची नाही, असा आमच्या फौजेचा नियम. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यावर दगड फेकले, शिव्या घातल्या. कारण प्रत्येक वाड्याला एकच भीती होती. हे हिंदी लोक आज ना उद्या आपल्याला शत्रूच्या हवाली करणार.

कांगचा वाडा उत्तरेकडच्या, पण उत्तरेला परत न जाणाऱ्या माणसांचा होता. चार दिवसांमागे भर दुपारी त्या वाड्यातला चोई नावाचा एक कैदी लाकडं आणायला म्हणून निघाला आणि सरळ धावत तारेपाशी आला. आमचा पहारेकरी ओरडेपर्यंत तो वर चढला होता. दोन्ही तळहात फाटले, मांडी फाटली, आणि तो आमच्या बाजूला येऊन पडला. त्याचे हात मीच धुतले, मीच बांधले. तो तेव्हापासून आमच्या इस्पितळात होता आणि कुणाशीही अवाक्षर बोलत नव्हता.

कांगच्या लोकांनी अर्थ लावला तो एवढाच, की चोई फुटला. आता तो उत्तरेला जाणार, तिथे सगळ्यांची नावं सांगणार आणि मागे राहिलेल्या घरच्यांचे हाल होणार.

"चोई इकडे," कांग मला समजावून सांगत होता. आधी त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग माझ्या. "तू तिकडे. साधी गोष्ट."

मलाही ती साधीच वाटली. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात हिशेब करून मोकळाही झालो होतो. चोई काही माझा कुणी लागत नव्हता. आपल्या फौजेचा माणूस अडकलाय म्हटल्यावर साहेब लोक पहिल्यांदा त्यालाच सोडवणार. निरोप बाहेर गेला होता. मी शेगडीपाशी बसून वाट पाहू लागलो.

थोड्या वेळाने बाहेर ट्रकांची घरघर सुरू झाली. मराठीतून हुकूम ऐकू येऊ लागले. आमचीच कंपनी तारेबाहेर मांडणी करत होती. भालेवाले एकमेकांकडे बघायला लागले आणि एकाने भाल्याचं टोक माझ्या मानेजवळ आणून ठेवलं. बाहेरून एक गोळी सुटली असती, तरी तंबूतला पहिला मुडदा माझाच पडला असता. आणि मग त्या दाटीवाटीच्या वाड्यात आणखी किती पडले असते, देव जाणे.

मग बाहेर सगळं एकदम शांत झालं. पडद्याबाहेर कुणीतरी खाकरलं.

"कांग, मी एकटा आहे," आवाज आला. "काठीसुद्धा फाटकावर ठेवून आलोय. आत घे."

ते सुभेदार गमरे होते. सुभेदार अर्जुन गमरे, आमच्या कंपनीचे. चाळिशीचे, सडपातळ, अंगाने काटक. त्या थंडीत आम्ही सगळे हात काखेत दाबून पळत असू, पण गमरेसाहेब हात पाठीमागे बांधून तारेच्या कडेने असे चालत, की माणूस आपल्याच शेताच्या बांधावरून सकाळचा फेरा मारतोय असं वाटावं. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. शिक्षासुद्धा ते हळू आवाजात सांगत.

पडदा सुटला. साहेब वाकून आत आले, सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि मला मराठीत विचारलं, "जेवलास का?"

"नाही साहेब."

"दुपारपासून काहीच नाही?"

"नाही साहेब."

ते कांगकडे वळले. फौजेत शिकलेली त्यांची इंग्रजी कांगच्या इंग्रजीइतकीच मोडकी होती, त्यामुळे दोघांचं छान जुळत असे. "माझा माणूस उपाशी आहे. तुमच्याकडे पाहुण्याला असं बसवून ठेवतात?"

कांग गोंधळला. त्याची काहीतरी वेगळ्या बोलण्याची तयारी असणार. त्याने एकाला खूण केली. वाडग्यातून भात आणि ती त्यांची आंबवलेली तिखटजाळ कोबी आली. साहेब माझ्या शेजारी मांडी घालून बसले, स्वतःसाठीही एक वाडगा मागितला आणि जेवायला लागले. तोंडात घास असलेल्या माणसाच्या मानेवर भाला धरून उभं राहणं अवघड असावं. तो माणूस दोन पावलं मागे सरला.

वाडगे रिकामे झाल्यावर कांग समोर येऊन बसला.

"चोई आणला?"

"नाही."

"कधी आणणार?"

"आणणार नाही."

इंग्रजी मला फार येत नव्हती, पण एवढं कळायला पुरेसं होतं. मला वाटलं होतं, साहेब म्हणतील, बघतो, विचारतो, कर्नलसाहेबांशी बोलतो. वेळ काढण्याच्या किती तऱ्हा असतात. पण त्यांनी दारच लावून टाकलं.

"मग हा मरेल," कांग माझ्याकडे न बघता म्हणाला.

"हा माझा माणूस आहे," साहेब म्हणाले. "याची आई माझ्या गावापासून दोन कोसांवर राहते. मी तिला ओळखतो. याला काही झालं तर मला तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागेल. तरी चोई मिळणार नाही."

"का? तो तुझा कोण?"

"कुणी नाही."

"तो कम्युनिस्ट आहे! परत जाणार आहे!"

"असेल. जाईल, नाहीतर नाही जाणार. ते त्याच्या तोंडून निघू दे. तुझ्याही नाही, माझ्याही नाही." त्यांनी कोटाची बटणं सोडली आणि शेगडीकडे पाय पसरले. "तुला माणूस अडकवून ठेवायचाच असेल तर मी बसतो इथे. एकाच्या जागी दोन झाले. सुभेदार आहे, माझी किंमत जास्त येईल. पण चोई नाही."

कांग ताडकन उठला. त्याच्या भाषेत ओरडायला लागला. तंबूतले सगळेच ओरडायला लागले. गलका ऐकून बाहेरून आमच्या कुणीतरी हाक मारली, "साहेब!" गमरेसाहेब बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाले, "गप्पा चालल्यात. तुम्ही थांबा." आत येण्याआधी त्यांनी कर्नलसाहेबांकडून शब्द घेतला होता, की मी स्वतः सांगेपर्यंत एकही गोळी सुटायची नाही. हे मला नंतर कळलं. असंही कळलं, की बाहेर उभ्या असलेल्या एका परक्या अधिकाऱ्याने कर्नलसाहेबांच्या कानात सुचवलं होतं, देऊन टाका ना तो एक कैदी, आपला माणूस तर सुटेल. कर्नलसाहेबांनी गमरेसाहेबांकडे पाहिलं. गमरेसाहेबांनी काठी फाटकाला टेकवली आणि ते आत चालू लागले. उत्तर तेवढंच.

कांगचा आवाज आता फाटला होता. राग ओसरून त्याखालचं वेगळंच काही वर येत होतं. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला, "तुमचे साहेब उत्तरेच्या साहेबांबरोबर चहा पितात. आम्ही तारेतून बघतो. एक दिवस तुम्ही आम्हा सगळ्यांना देऊन टाकणार. तुमचं काय जातं? आम्ही तुमचे कोण?"

साहेबांनी शेगडीकडचे पाय आखडून घेतले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सबंध वेळात पहिल्यांदाच.

"कांग," ते म्हणाले, "हा पोरगा माझ्या मुलखातला, माझ्या भाषेतला. याच्या बदल्यात तू एक परका माणूस मागतोस. मी त्याला आज तुझ्या हवाली केलं, की उद्या दुसरं कुणीतरी येईल, माझा आणखी एक शिपाई धरेल आणि तुला मागेल. मग मी तुलाही देईन. एकदा दिलं, की देणारा झालोच ना मी? आणि आज याच्यासाठीसुद्धा चोईला दिलं नाही, तर तुला तरी कुणाला कसा देईन? नीट विचार कर."

बाकीचे कांगला विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला. तो सांगेना. तेव्हा ज्याच्या पायाला मी पट्टी बांधली होती तो म्हातारा कैदी कोपऱ्यातून त्याच्यावर खेकसला. म्हातारा त्या वाड्यात मानाचा असावा, कारण कांगने मान खाली घातली आणि हळूहळू, थांबत थांबत, एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं.

सांगून झालं. मग त्यांचं आपसात बोलणं सुरू झालं. भांडण म्हणावं इतकं जोरात. एक भालेवाला तर रडायलाच लागला. साहेब त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी मला विचारलं, "या कोबीत आपल्याकडचं खोबरं घातलं तर कशी लागेल रे?" मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी म्हातारा लंगडत उठला. माझी औषधांची पेटी त्याने उचलली, झाकण नीट बंद केलं आणि ती माझ्या हातांत दिली. दुसऱ्या कुणी मग पडद्याची दोरी सोडली.

आम्ही निघालो तर कांग मागून आला. मला वाटलं, बेत बदलला. त्याच्या हातात एक गोधडी होती. ती त्याने माझ्या खांद्यावर टाकली. "चोईची," तो म्हणाला. "तिकडे थंडी असेल."

आम्ही फाटकाबाहेर आलो. तारेपाशी तटस्थ मंडळातले एक स्वीडिश आणि एक पोलिश कॅप्टन उभे होते. बैठकीत हे दोघे एकमेकांचं कुठलंच म्हणणं मान्य करत नसत, हे अख्ख्या छावणीला माहीत होतं. पोलिशाने काही न बोलता मला सिगारेट दिली, आणि स्वीडिशाने वाऱ्याला हाताचा आडोसा करून ती पेटवून दिली. मी तोपर्यंत सिगारेट ओढत नव्हतो. त्या दिवशी ओढली.

कर्नलसाहेबांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, आत काय परिस्थिती?"

"घाबरलेली माणसं आहेत, साहेब. बाकी काही नाही."

पुढे चोईचा जबाब झाला. त्यासाठी एक खास तंबू होता. एका दाराने गेलं की आपल्या मुलखात परत, दुसऱ्या दाराने गेलं की पुन्हा वाड्यात. आत पाचही देशांची माणसं मांडलेल्या टेबलामागे बसत. उत्तरेकडच्या अधिकाऱ्याने चोईला समजावलं, आईची आठवण काढली, रागावूनही पाहिलं. चोई मधोमध उभा राहिला. दोन्ही दारांकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मला तिसरं दार दाखवा."

त्याची आई उत्तरेला होती. सख्खा मोठा भाऊ दक्षिणेच्या फौजेत होता. तो दुभाष्याला म्हणाला, कुठल्याही दाराने गेलो तरी माझ्या हातात बंदूक देतील, आणि ती माझ्याच घरावर रोखायला लावतील. एवढंच, पण पाचही देशांसमोर, सांगायला तो तारेवर चढला होता. कांगला वाटलं ते खोटं होतं आणि उत्तरेच्या अधिकाऱ्याला वाटलं तेही. त्याला विचारल्याशिवाय हे कुणालाच कळलं नसतं.

जानेवारीत कैदी मोकळे झाले. कांग आणि त्याचा वाडा गाणी म्हणत दक्षिणेकडे गेला. जाताना म्हाताऱ्याने मला तारेपलीकडून पाय वर करून दाखवला, जखम भरली होती. चोईसारखे थोडेच होते, दोन्हीकडे न जाणारे. त्यांना तिसरा मुलूख ठरेपर्यंत आपल्याबरोबर हिंदुस्थानात न्यायचं ठरलं. आमच्याच बोटीवर ते चढले.

बोटीवर माझ्या मनातलं एक कुसळ मला स्वस्थ बसू देईना. गमरेसाहेबांनी माझा जीव वाचवला होता, हे खरं. पण त्यांनी माझा जीव पणाला लावला होता, हेही तितकंच खरं. मद्रास जवळ आलं तशी मी एका सकाळी हिंमत केली. ते खालच्या डेकवर दाढी करत होते.

"साहेब, एक विचारू? कांगने ऐकलं नसतं तर?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तर दोघंही मेलो असतो."

"तरी तुम्ही चोईला दिलं नसतं?"

"नसतं." वस्तरा पुसून त्यांनी बाजूला ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. "बस इथं. बेचाळीस साली मी मोटार कंपनीत होतो. आफ्रिकेच्या वाळवंटात आम्ही पकडले गेलो. मला इटलीत नेलं, कैदी म्हणून. वर्षाने इटलीने शरणागती पत्करली, कॅम्पाची फाटकं उघडली, आणि जर्मन यायच्या आत आम्ही डोंगरात पळालो. पायात बूट नाही, अंगात ताप. एका घरासमोर पडलो. घरात तेव्हा एकटी बाई, नवरा रानात. तिने मला गवताच्या माळ्यावर लपवलं. हिवाळा संपेपर्यंत."

"जर्मन आले नाहीत?"

"आले. अंगणात तिच्या नवऱ्याला भिंतीला लावला. हिंदी माणूस आहे का, विचारलं. ती नाही म्हणाली. मला माळ्यावरून सगळं दिसत होतं. त्यांनी नवऱ्याला बुटाने तुडवला, पण ती नाहीच म्हणाली. नवराही नाही म्हणाला." साहेबांनी टॉवेल गुडघ्यावर घेतला. "त्यांचा एकुलता एक मुलगा आफ्रिकेत मेला होता. आमच्याच फौजेशी लढताना. त्याचा फोटो चुलीवर टांगलेला होता, बाबाजी. मी रोज त्याच्याखाली बसून जेवत होतो."

"आणि ती तुम्हाला वाढायची?" मी विचारलं.

"आपापल्या गावात आपण विहिरीवर कसे उभे राहायचो, तुला सांगायला नको. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत पाणी, नाहीतर उन्हात उभे. त्या बाईने पहिल्या दिवशी स्वतःचा पेला माझ्या तोंडाला लावला. मी मागे सरलो, तर तिला वाटलं मला पाणी आवडलं नाही. तिने दुसरं आणलं."

त्यांनी तोंडावरचा वाळलेला फेस हाताने पुसला.

"चार शब्द यायला लागले तेव्हा मी तिला विचारलं. म्हटलं, तुझा मुलगा आमच्या गोळीने गेला असेल, मी तुझ्या शत्रूचा शिपाई, मग तू मला दिलं का नाहीस? ती पीठ मळत होती. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. देवाचं वगैरे. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, 'तू दारात आलास.'"

"एवढंच?"

"एवढंच. मी वाट बघितली पुढे काही म्हणेल म्हणून. पुढे काही नव्हतंच. दारात आलास, संपलं."

साहेबांनी पुन्हा ब्रश उचलला. मी तिथेच बसून राहिलो. मनातलं कुसळ कधी निघालं ते कळलंही नाही. इटलीच्या कुठल्या तरी डोंगरातली एक बाई, जिचं नाव मी विचारायलाही विसरलो, तिने मळता मळता म्हटलेल्या एका वाक्याने कोरियात चोईला राखलं होतं, आणि खरं पाहिलं तर मलाही.

तेवढ्यात वरच्या डेकवर पळापळ झाली. किनारा दिसला होता. शिपाई जयजयकार करत होते, कुणी टोप्या उडवत होतं. त्या गोंगाटात एक आवाज वेगळा येत होता. बोटीवरच्या आपल्या पोरांकडून चोई थोडी मराठी शिकला होता. आमची पोरं आपल्या मुलखाविषयी बोलताना देश म्हणत नसत, गावच म्हणत, त्यामुळे त्यालाही तोच एक शब्द ठाऊक होता. कठड्यावर ओणवा होऊन, जन्मात न पाहिलेल्या त्या किनाऱ्याकडे हात करत, तो आम्हाला हाका मारत होता, "साहेब, गाव आलं! गाव आलं!"

गमरेसाहेब अर्धी दाढी तशीच टाकून जिना चढू लागले.